शंभर मीटरच्या आत

(पहूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण. जसे बोललो तसेच लिहून काढले आहे. कायद्याची कलमे तेवढी घरी येऊन पुन्हा तपासली.)



पहिल्यांदाच सांगून टाकतो. मी वक्ता नाही. मुंबईच्या गोदीत माल उतरवणारा माणूस आहे. मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. कविता करतो, त्यातल्या काही ह्या मासिकात छापल्यात, म्हणून तुम्ही बोलावलंत. तुम्हाला वाटलं असेल कविता म्हणील. आज कविता नाही. आज अर्ज ह्या विषयावर बोलणार आहे. हसू नका. अर्ज हा आपल्या जन्माचा विषय आहे.

गोदीच्या फाटकावर रोज सकाळी मी पास दाखवतो. पास नसला तर आत जाता येत नाही, आत गेलो नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर चूल नाही. म्हणजे माझं पोट परवानगीवर चालतं. म्हणून परवानगी हा शब्द मला चांगला समजतो. ती कोण देतं, कोण मागतं, आणि कोणाला ती कधीच मागावी लागत नाही, हे मी फाटकावर उभा राहून शिकलो.

आता विषयाकडे येतो. पुराणवस्तू, वारसा, जतन केलेली इमारत, तिच्यात फेरफार करायची परवानगी, तिच्या शेजारी बांधायची परवानगी, आणि शेवटी ती पाडायची परवानगी. तुम्ही म्हणाल, हा विषय आपला कसा? हे तर वाडेवाल्यांचं, किल्लेवाल्यांचं दुखणं. मी पण असंच समजत होतो. मग मामाच्या गावी गेलो आणि कळलं की वारसा आपल्या दाराशी येऊन बसलाय आणि दार उघडू देत नाही.

पण आधी पहूरचं बोलू. ही वाघूर नदी वरून येते, अजिंठ्याच्या डोंगरातून. ज्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर लेणी कोरलीत, त्या वळणाखालचंच हे पाणी. वाकोद, फर्दापूर सोडलं की लेणी आलीच. इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. आपण दरवर्षी जातो, हात जोडतो, बुद्धाकडे बघतो, परत येतो. आमचा वारसा म्हणतो. बरोबर आहे. पण त्या वारशाचा इतिहास थोडा नीट बघा.

नववं आणि दहावं लेणं इसवी सनाच्या आधीचं. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर लेख आहे, वासिठीपुत कटहादी नावाच्या माणसाने घराचं मुख, म्हणजे पुढची बाजू, दान दिली म्हणून. कोणीतरी पैसे दिले त्याचं नाव राहिलं. छिन्नी ज्यांनी मारली त्यांचं नाव नाही. पुढे पाचव्या शतकात त्याच जुन्या लेण्यांतून नवी चित्रं काढली गेली. म्हणजे ज्यांचा तो वारसा होता त्यांनी स्वतः त्यात फेरफार केला. जिवंत माणसं राहतात तिथे भिंत बदलतेच.

मग १८१९ च्या एप्रिलात जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला गोरा अधिकारी शिकारीला आला. त्याला लेणी दिसली. पुस्तकात लिहितात, त्याने अजिंठा शोधला. जणू खालच्या गावातले लोक आंधळे होते. आणि शोधल्याबरोबर त्याने काय केलं? दहाव्या लेण्याच्या खांबावर, चित्रावर, आपलं नाव आणि तारीख खरडली. आजही आहे. त्याने कोणाला अर्ज केला होता? आता तो ओरखडाही वारसा झाला. गाइड बोट करून दाखवतात.

तुम्ही आज तिथे जाऊन खिळ्याने नाव कोरलंत तर आत जाल, आणि गेलंच पाहिजे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की ओरखडा कोणाचा ह्यावर तो गुन्हा की इतिहास हे ठरतं.

बाबासाहेबांनी एक प्रसंग लिहून ठेवलाय. १९३४ साल. चळवळीतल्या सहकाऱ्यांबरोबर ते वेरूळची लेणी बघायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेलं टाकं. अंगावर प्रवासाची धूळ. काही जणांनी हातपाय धुतले. लगेच ओरडा झाला, अस्पृश्यांनी टाकं बाटवलं. खूप हुज्जत झाली. शेवटी किल्ला बघू दिला, पण बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला. कशाला? आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून. ऐतिहासिक इमारतीशी आपलं नातं हे असं सुरू झालं. दगड सगळ्यांचा, पाणी मात्र राखीव.

आता मामाच्या गावाची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांना तिथेच राहायचंय. खानदेशातलंच गाव समजा. गावाच्या कडेला जुना दरवाजा आणि दोन बुरूज. वरती निळी पाटी. हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं आहे, नासधूस केल्यास शिक्षा होईल, वगैरे. आणि त्या बुरजाच्या पायाशी आपली वस्ती. ती तिथे का? कारण गावकुसाबाहेर आपल्यालाच ठेवलं होतं. बुरूज गावाची राखण करायचा आणि आपण बुरजाच्या बाहेरून गावाची राखण करायचो. गावकूस पडलं, बुरूज उरला, आपण उरलो. बुरजाला पाटी मिळाली.

मामाच्या घराची मागची भिंत पावसात बसली. घरात संडास नाही. वस्तीत एकाही घरात नाही. गावात इतर आळ्यांमध्ये सरकारी अनुदानाचे संडास झाले, आपल्या वस्तीत नाही. का? तर ग्रामपंचायतीतून उत्तर, "तुम्ही पुरातत्त्वाच्या हद्दीत येता. इथे वीट लावता येत नाही. लावली तर जेल." संपलं. लेखी काही नाही. तोंडी. आपल्याला नकार नेहमी तोंडीच मिळतो, लक्षात ठेवा. होकार असला तर त्याची मात्र चार प्रतींत कागदपत्रं लागतात.

मामी संध्याकाळी पाच नंतर पाणी पीत नाही. उन्हाळ्यातसुद्धा. मी विचारलं, मामी, का? तर म्हणे, "रात्री उठावं लागलं तर जाऊ कुठी रे भो?" सांगताना तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. सून आल्यापासून ती तशीच राहात आलीय. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. बुरजाकडे बघत पडलो. त्याच्यावर दिवा लावलेला होता.

आणि त्याच बुरजापासून, मी पावलं मोजली, साठ-सत्तर पावलांवर गावातल्या एका बड्या माणसाची दुमजली इमारत, खाली दुकानं, वरती गच्ची. नवी कोरी. तिला पुरातत्त्व दिसलं नाही.

मी मुंबईला परत आलो आणि ठरवलं, कायदा वाचायचा. आपल्याला कायदा सांगतात, दाखवत नाहीत. सुट्टीच्या दिवशी गोदीतला एक जुना युनियनवाला आणि मी बसलो. इंग्रजी वाचायला त्रास झाला. एका वाक्यात शंभर शब्द. पण कंटेनर उतरवण्यापेक्षा जड नव्हतं. जे सापडलं ते तुम्हाला सांगतो. वही असेल तर लिहून घ्या.

कायद्याचं नाव, प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८. त्याच्याआधी कर्झनच्या काळातला १९०४ चा होता. १९५८ च्या कायद्यात २०१० साली मोठी दुरुस्ती झाली. तिच्यात असं की केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र. तिथे नवं बांधकाम मना. त्याच्यापुढे आणखी दोनशे मीटर नियमित क्षेत्र. तिथे परवानगी घेऊन बांधता येतं. ही रेघ मूळची १६ जून १९९२ च्या अधिसूचनेतली. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. इथपर्यंत ग्रामपंचायतवाला खरं बोलत होता.

पण पुढे वाचा. कलम २० सी. शंभर मीटरच्या आत ज्याचं घर १६ जून १९९२ च्या आधीपासून आहे, त्याला डागडुजी किंवा नूतनीकरण करायचं असेल तर तो सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. करू शकतो म्हणजे त्याचा हक्क आहे. कलम २० डी. अर्ज आला की पंधरा दिवसांत तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे गेला पाहिजे. प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस कळवायची. ती मिळाल्यावर एका महिन्यात अधिकाऱ्याने मंजूर की नामंजूर ते सांगायचं. नामंजूर करायचं तर अर्जदाराचं म्हणणं आधी ऐकायचं आणि लेखी हुकूम द्यायचा. ऐकलंत? आधी ऐकायचं, मग लेखी द्यायचं. मामाला कोणी ऐकलं होतं? कोणी लेखी दिलं होतं?

आणि आता ज्याच्यासाठी मी इथे आलो ते कलम. कलम २, पोटकलम डीसी. व्याख्येचं कलम. व्याख्या कोणी वाचत नाही, कारण त्या कंटाळवाण्या असतात. त्यात बांधकाम म्हणजे काय ते दिलंय. आणि बांधकाम म्हणजे काय नाही तेही दिलंय. असलेल्या इमारतीची दुरुस्ती म्हणजे बांधकाम नाही. गटारं बांधणं, साफ करणं म्हणजे बांधकाम नाही. लोकांसाठी पाणीपुरवठ्याची कामं म्हणजे बांधकाम नाही. लोकांना वीज पुरवणं म्हणजे बांधकाम नाही. आणि सार्वजनिक संडास, मुताऱ्या बांधणं म्हणजेसुद्धा बांधकाम नाही!

म्हणजे शंभर मीटरच्या आतही वस्तीसाठी सार्वजनिक संडास ह्या बंदीत येत नाही. दुमजली दुकान येतं. खाजगी नवा संडास, घराला जोडून वाढवलेला, तो अडचणीचा. पण सार्वजनिक मोकळा. कायद्याने दार उघडं ठेवलं होतं. कुलूप गावाने लावलं, आणि त्या कुलपावर कायद्याचं नाव लिहिलं.

मी हे वाचलं तेव्हा आनंद झाला नाही. राग आला, आणि तो मामाचा नाही, माझा स्वतःचा. मी इतकी वर्षं मोर्चात ओरडलो, भिंतीवर घोषणा रंगवल्या, पोरांना शिव्या घालायच्या कविता ऐकवल्या. पण मामीच्या तहानेचं उत्तर एका व्याख्येत पडून होतं आणि मला ते माहीत नव्हतं. रागाला वाचता आलं पाहिजे, मित्रांनो. अडाणी राग गावाला परवडतो. दोन दिवस सहन करतात, तिसऱ्या दिवशी आपण कामावर.

मग अर्ज. दुरुस्तीचा अर्ज मामाच्या नावाने. पहिला प्रश्न, घर १९९२ च्या आधीचं आहे ह्याला पुरावा काय? मामा म्हणे, आपण पिढ्यान्‌पिढ्या इथेच. ते खरं, पण पिढ्यांची झेरॉक्स निघत नाही. सगळे डोक्याला हात लावून बसले. तेव्हा आजी उठली. तिला अक्षर येत नाही. तिने खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. त्यात बाबासाहेबांचा फोटो, नवऱ्याचं मुंडासं, आणि सुतळीने बांधलेल्या घरपट्टीच्या पावत्या. १९७० सालापासूनच्या. एकही चुकलेली नाही. मी विचारलं, आजी, वाचता येत नाही, मग जपल्या कशाला? म्हणाली, "पैशे देल्हे व्हते ना. कागद ठुला."

तुम्ही मला विचारा वारसा कशाला म्हणतात. मी ती पेटी दाखवीन.

पावत्या, नमुना आठचा उतारा, घराचे फोटो, हाताने काढलेला नकाशा, बुरजापासूनचं अंतर. अर्ज गेला. कायद्यातली मुदत उलटली. स्मरणपत्र पाठवलं. माहितीच्या अधिकारात दहा रुपये लावून विचारलं, अर्ज कोणत्या टेबलावर आहे? मग हालचाल झाली. परवानगी आली. उशिरा, पण लेखी, शिक्क्याची. मामाची मागची भिंत उभी राहिली. जेवढी होती तेवढीच, एक वीत जास्त नाही. संडासाचं नंतर सांगतो.

आता कोणी म्हणेल, अरे, तू तर कायद्याची बाजू घेतोस. मग ऐका दुसरी बाजू. आमच्या वस्तीला शंभर मीटर मोजून दाखवणाऱ्या ह्या देशात स्मारकं राहिलीत किती? २०१३ साली महालेखापरीक्षकांनी पाहणी केली. १,६५५ स्मारकांना प्रत्यक्ष जाऊन बघितलं. त्यातली ९२ जागेवर नव्हती. शंभर मीटर जाऊ द्या, मुळातली वस्तूच गायब. पुढे त्यातली काही सापडली. २०२२ मध्ये संसदेच्या समितीपुढे सांगितलं की ५० बेपत्ता आहेत. १४ शहर वाढताना गेली, १२ धरणाच्या पाण्याखाली, आणि २४ चा पत्ताच नाही. २०२४ मध्ये १८ स्मारकांना राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीतून काढायचं जाहीर झालं. त्यात एक झाशीकडच्या गनर बर्किल नावाच्या गोऱ्याची कबर होती. एक तोफखान्यातला गोरा, त्याची कबर देशाच्या यादीत होती. माझ्या पणज्याने महारकी करून ज्या चावडीपुढे रात्री काढल्या, ती कोणत्या यादीत आहे?

ह्या इमारती पाडताना कोणी अर्ज केला होता का? कोण आत गेलं? म्हणजे परवानगी मागायची कोणी, हे जात आणि पैसा बघूनच ठरतं. कायद्यात जात लिहिलेली नाही. पण कायदा ज्याच्या तोंडातून बाहेर येतो, त्याच्या तोंडाला जात असते.

इथपर्यंत टाळ्या मिळतात. आता जे बोलणार आहे त्याला मिळणार नाहीत. तरी बोलतो.

२५ जून २०१६. मुंबई, दादर पूर्व, गोकुळदास पास्ता लेन. आंबेडकर भवन. त्याच आवारात बुद्धभूषण प्रेस, बाबासाहेबांचा छापखाना. पहाटेच्या अंधारात मशीन आणलं आणि पाडून टाकलं. सकाळी लोक पोचले तर विटांचा ढीग. आणि पाडणारे कोणी परके होते का? जागा ज्या न्यासाच्या नावावर, तो बाबासाहेबांनीच स्थापन केलेला. न्यासाचं म्हणणं, इमारत धोकादायक होती, पालिकेची नोटीस होती, तिथे मोठी सतरा मजली वास्तू उभी करायची होती. बाबासाहेबांच्या नातवांचं, कार्यकर्त्यांचं म्हणणं, हा ठेवा कोणाला न विचारता रात्रीत संपवला. जुलैत मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. कोण खरं, कोण खोटं, त्याचे खटले वकिलांनी लढावेत. मला एकच गोष्ट विचारायचीय. समजा इमारत खरंच मोडकळीला आली होती. समजा नवी बांधणं भागच होतं. तर दिवसा का नाही? लोकांना बोलावून, नकाशे भिंतीवर लावून, प्रेसचं एकेक यंत्र मोजून, फोटो काढून, वयस्कर माणसांना शेवटचं बघू देऊन का नाही? चांगलं काम अंधारात करायची पाळी यावी का?

आता लंडनला चला. किंग हेन्रीज रोड, घर नंबर १०. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहून शिकले. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर विकत घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. स्मारक म्हणून लोक जाऊ लागले. पण राहत्या घराचं संग्रहालय करायचं तर तिथल्या कॅम्डेन कौन्सिलची परवानगी लागते. ती आधी घेतलेली नव्हती. शेजारच्यांनी तक्रार केली, गर्दी होते, आवाज होतो. मागाहून अर्ज केला. २०१८ मध्ये कौन्सिलने नाकारला, राहतं घर कमी होतं म्हणून. अपील झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी बसली. दोन्ही बाजू बोलल्या. आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या मंत्र्याने परवानगी दिली. घर राहिलं, संग्रहालय राहिलं.

ही दोन घरं शेजारी ठेवून बघा. लंडनच्या घरात फक्त वापर बदलायचा होता, एक वीटही पडायची नव्हती, तरी शेजाऱ्याला विचारलं, कागद झाले, नकार झाला, अपील झालं, सुनावणी झाली. दादरला छापखान्यासकट भवन जमीनदोस्त झालं आणि शेजाऱ्याला मशीनच्या आवाजाने कळलं. गोऱ्याचं कौतुक करायला मी उभा नाही. जॉन स्मिथ मी विसरलो नाही. पण ज्याने आपल्याला सांगितलं की कामकाज कायद्याने करा, त्याच्या घराला तिकडे सुनावणी मिळाली आणि त्याच्या भवनाला इकडे मिळाली नाही. ही गोष्ट आपल्याला बोचली पाहिजे. आपल्या वास्तू पाडायच्या की राखायच्या, ह्यासाठी आपण एकमेकांकडे परवानगी मागायला शिकलो नाही. गावाने आपल्याला विचारलं नाही म्हणून आपण ओरडतो. आपण आपल्या लोकांना विचारतो का?

आता उलट बाजू. सगळं जुनं जतन करा असं म्हणणाऱ्यातला मी नाही. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी वीस-बावीस वर्षं काढली. ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. त्या खोल्या राखल्या पाहिजेत, प्राण गेला तरी. पण त्याच चाळीतल्या बाकीच्या खोल्यांमधून जी माणसं जगतात त्यांना आपण सांगणार का, की तुम्ही वारसा आहात, हलू नका? बीडीडी चाळी बघा. इंग्रजांनी १९२० च्या दशकात बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून एक. तिथून चळवळ निघाली, तिथे पँथर वाढले, तिथे भीमगीतं झाली. सगळं खरं. पण सकाळी डबा घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला विचारा वारसा म्हणजे काय. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, पाचशे चौरस फुटांची घरं. ज्यांना मिळाल्या त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. ते पाणी मला कुठल्याही जुन्या कमानीपेक्षा मोठं वाटतं. म्हणजे आठवण राखायची आणि माणसाला कोंडायचं नाही. दोन्ही एकाच वेळी. हे अवघड आहे. अवघड आहे म्हणूनच बसून ठरवायला पाहिजे, रात्री मशीन आणून नाही.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली. आपली यादी आपण करा. सरकारी यादीत किल्ले आहेत, देवळं, मशिदी, कबरी आहेत. आपल्या यादीत काय येईल? धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणातला लांडोर बंगला येईल. बाबासाहेब १९३७ साली तिथे मुक्कामाला होते, म्हणून ३१ जुलैला लोक तिथे जमतात. चाळीसगावची ती वाट येईल. १९२९ साली टांगेवाले बाबासाहेबांना घेऊन महारवाड्यात जायला तयार नव्हते, म्हणून आपल्यातल्याच एकाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. मोरीवर टांगा उलटून बाबासाहेब दगडावर आपटले. त्या मोरीएवढं ऐतिहासिक बांधकाम खानदेशात दुसरं कोणतं आहे, सांगा. तुमच्या गावातली पाणवठ्याची जागा, पहिली शाळा, पहिला बुद्धविहार, मग तो पत्र्याचा का असेना. फोटो काढा, म्हाताऱ्यांचं बोलणं लिहून घ्या, तारीख घाला. यादीत नाव नसलं की पाडायला अर्जसुद्धा लागत नाही.

दुसरी. तोंडी नकार घेऊ नका. "नाही" म्हणाले की म्हणायचं, "साहेब, लेखी द्या, कलम लिहून द्या." नम्रपणे म्हणायचं. निम्मे नकार तिथेच मरतात. कारण ते कायद्यात नसतातच.

तिसरी. कागद जपा. आजीसारखे.

चौथी. आपल्या कुठल्याही वास्तूला हात लावायचा असेल, दुरुस्ती असो, वाढ असो, पाडणं असो, तर वस्तीची सभा दिवसाउजेडी घ्या. बायांना बोलवा. त्यांनाच ठाऊक असतं कोणती भिंत कुठे गळते. ठराव लिहा, सह्या घ्या, अंगठे घ्या. सरकारची परवानगी नंतर. आधी आपल्या माणसांची.

संडासाचं सांगायचं राहिलं. ग्रामसभेत मामाच्या वस्तीने ठराव मांडला. सार्वजनिक संडास, बायकांचे वेगळे, पाण्याच्या टाकीसकट. पुरातत्त्वाच्या कचेरीलाही आधीच लेखी कळवलं, कलमाचा आकडा टाकून, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की चोरून केलं. ग्रामसभेत पुन्हा तोच आवाज उठला, "तिथं वीट लावता येत नाही." तेव्हा बोलायला मी नव्हतो, मी इकडे गोदीत. मामी उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेत तोंड उघडलं. कागद पुढे केला आणि म्हणाली, "कुठी लिव्हलंय ते बोट ठिवून दाखवा."

कोणाला बोट ठेवता आलं नाही. ठराव झाला.

परवा फोनवर विचारलं, काम कुठवर आलं? म्हणाली, भिंती कमरेएवढ्या झाल्यात, पैसे अडकलेत, पंचायतीकडे रोज कोणीतरी जाऊन बसतं. म्हणजे अजून झालं नाही. मी खोटं सांगणार नाही, अजून ती पाच नंतर पाणी पीत नाही. ज्या दिवशी रात्री नऊ वाजता तांब्याभर पाणी पिऊन ती झोपेल, त्या दिवशी मी त्या बुरजाला हात जोडीन, की बाबा, तू पण राहा, आम्ही पण राहतो.

तोवर अर्ज चालू.

जय भीम.